लपवण्यासारखे काही नाही?

मित्रहो,



गेल्या महिन्यात मनखूलमधल्या आमच्या घरी चार कुटुंबे जेवायला जमली होती. जेवणे आटोपली, बडीशेप फिरली आणि गप्पा मोबाइलवर आल्या. एकाने सांगितले की सकाळी बायकोशी कुकरच्या शिट्टीबद्दल बोललो आणि संध्याकाळी फोनवर कुकरच्या जाहिराती सुरू. सगळे हसले. फोन आपले बोलणे ऐकतो की नाही यावर दहा मिनिटे वाद झाला. मी म्हटले, ऐकण्याची त्यांना गरजच नसते. आपण काय शोधतो, कुठे जातो, काय विकत घेतो, एवढ्यावर त्यांचे भागते. तेव्हा बँकेत काम करणारा माझा जुना मित्र म्हणाला, "अरे, बघू देत की! आपण काय चोऱ्या करतो? आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

बहुतेकांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. बावीस वर्षे मी याच धंद्यात आहे, कंपन्यांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळतो. मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते असे नाही. पण ते द्यायचे तर आधी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती चार लोकांत सांगण्याची माझी तयारी नव्हती. ती आज या पत्रात लिहितो आहे. त्याआधी जिथे बसून लिहितो आहे त्या गावाचा थोडा इतिहास.

जुलै २००९. आपल्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना आठवत असेल, ब्लॅकबेरीचा तो भर होता. खालिद बिन अल वलीद रस्त्यावर, म्हणजे आपल्या ‘कॉम्प्युटर स्ट्रीट’वर, दुकानादुकानांत ब्लॅकबेरी मांडलेले असत, आणि सेल्समनपासून संचालकापर्यंत ज्याच्या त्याच्या कमरेला ते यंत्र लटकलेले असे. त्या महिन्यात एतिसलातच्या ब्लॅकबेरी ग्राहकांना एक संदेश आला. ग्राहक सुमारे १,४५,००० होते. संदेशाचा आशय असा की सेवा अधिक चांगली चालावी म्हणून हे नवे सॉफ्टवेअर घ्या. खुद्द टेलिफोन कंपनी सांगते आहे म्हटल्यावर लोकांनी ते घेतले. आणि फोन तापू लागले. एरवी दिवसभर पुरणारी बॅटरी काही तासांत झोपू लागली.

कतारमधल्या एका प्रोग्रॅमरने ते सॉफ्टवेअर उघडून पाहिले. आत एसएस८ या अमेरिकन कंपनीचे नाव होते आणि त्याला लागून ‘इंटरसेप्टर’ हा शब्द. मधल्या मध्ये अडवून वाचणारा, असा त्याचा अर्थ. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा प्रोग्रॅम फोनमध्ये निजून राहणार होता. बाहेरून हुकूम आला की त्या फोनवरून जाणाऱ्या ईमेलची एक प्रत दुसरीकडे पाठवायची, हे त्याचे काम. ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिसर्च इन मोशन या कॅनडातल्या कंपनीने जाहीर केले की हे आमचे नाही, याला आमची मान्यता नाही, आणि ते काढून टाकण्याचे साधनही ग्राहकांना दिले. एतिसलातचे म्हणणे मात्र असे होते की टू-जी आणि थ्री-जी यांच्यात फोन बदलताना येणाऱ्या अडचणींसाठीच ती सुधारणा होती.

या प्रकरणातला एक तांत्रिक तपशील मला अजून अस्वस्थ करतो. बॅटरी का उतरत होत्या? तर इतके सगळे फोन एकाच सर्व्हरकडे नावनोंदणी करायला धावले, त्याला तो भार पेलला नाही, आणि उत्तर न मिळालेले फोन पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहिले. म्हणजे तो सर्व्हर थोडा मोठा घेतला असता, तर एकाही फोनची बॅटरी उतरली नसती आणि आपल्याला काहीही कळले नसते. आपली गोपनीयता त्या वेळी कुठल्या कायद्याने राखली नाही. कोणाच्या तरी चुकलेल्या हिशेबाने ती राखली. कुंपणच शेत खाते तेव्हा शेतकऱ्याला ते बहुधा उशिरा कळते. इथे कळले ते कुंपणाला ठसका लागला म्हणून.

पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१० रोजी, अमिरातीच्या दूरसंचार नियामकाने जाहीर केले की ११ ऑक्टोबरपासून ब्लॅकबेरीची मेसेंजर, ईमेल आणि वेब सेवा बंद केली जाईल. देशात तेव्हा सुमारे ५ लाख ब्लॅकबेरी ग्राहक होते. नियामकाची तक्रार अशी की हे संदेश सांकेतिक रूपात थेट परदेशातल्या सर्व्हरवर जातात आणि इथला कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. दोन महिने आपल्या ऑफिसांत दुसरा विषय नव्हता. मग ८ ऑक्टोबरला घोषणा झाली की सेवा आता नियमांत बसते, बंदी येणार नाही. ती नियमांत कशी बसवली, कंपनीने काय दिले आणि सरकारने काय सोडले, हे जाहीर झाले नाही. आपण सुटकेचा निःश्वास टाकला आणि कामाला लागलो. त्याच ऑगस्टमध्ये भारत सरकारनेही त्या कंपनीला ३१ तारखेची मुदत दिली होती, आणि पुढे कंपनीने मुंबईत सर्व्हर बसवला. तेव्हा हा प्रश्न वाळवंटातल्या एका देशाचा, असे समजून कोणी दूर बसू नये.

सरकारची बाजू खोटी होती असेही मी म्हणणार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईतल्या मारेकऱ्यांना सीमेपलीकडून फोनवर सूचना मिळत होत्या. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आपल्या यंत्रणांनी केले आणि पुढे ते पुरावा म्हणून उभे राहिले. त्या रात्री कोणी फोन ऐकला म्हणून तक्रार करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. प्रश्न ऐकण्याचा नाहीच. कारण असताना, लेखी हुकमाने, एका माणसाचे ऐकणे वेगळे. कारण नसताना, कोणाला न विचारता, सुधारणेच्या नावाखाली सगळ्यांच्या फोनमध्ये कान बसवून ठेवणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली टेलिफोन टॅपिंगच्या खटल्यात हाच फरक केला होता. हुकूम कोणी द्यायचा, किती दिवसांचा, त्याची फेरतपासणी कोणी करायची, हे तेव्हा ठरवून दिले गेले.

आता तिसरा प्रसंग, आणि यात आपण सगळेच सापडलो. व्हॉट्सअॅप, स्काइप, फेसटाइम यांवरून गावी फोन करणे इथे किती कठीण होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. परवानगी असलेली सेवा घ्यायची तर मोबाइलवर महिन्याला ५० दिरहम. बेडस्पेसमध्ये राहणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नाही. अशात २०१९ साली टोटॉक आले. फुकट, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, आणि बंदी नाही! आम्ही सांगलीला आईच्या फोनवर ते टाकून दिले. ती पहिल्यांदा इथला आमचा गणपती थेट पाहू शकली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले की अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्यांच्या मते हे अॅप हेरगिरीचे साधन आहे. गूगल आणि अॅपल यांनी ते आपल्या दुकानांतून काढले. कंपनीने आरोप नाकारले. खरे काय ते मी ठरवू शकत नाही. पण त्या रात्री मी आईला फोन करून म्हटले, "आई, ते काढून टाक." ती म्हणाली, "का रे? चांगलं तर दिसत होतास." तिला काय सांगणार होतो?

एक कबुली इथेच देतो. मी या देशात पाहुणा आहे. या देशाने मला काम दिले, घर दिले, मुलांना शाळा दिल्या, आणि या उपकाराची मला जाणीव आहे. इथल्या गोष्टींबद्दल वर मी जे लिहिले ते सारे वर्तमानपत्रांत छापून आलेले आहे, आणि तरीही प्रत्येक वाक्य पाठवण्याआधी मी दोनदा वाचले. ही सवय तुम्हालाही असेल. घरच्या फोनवर बोलताना आवाज न चढवता विषय बदलण्याची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. कोणी ऐकत नसेलही. ऐकत असेल या शंकेनेच काम होऊन जाते.

आता माझी गोष्ट.

एप्रिल २०२०. टाळेबंदी. मी तेव्हा एका व्यापारी कंपनीत होतो, तिचे नाव महत्त्वाचे नाही. साठेक माणसे घरून काम करू लागली आणि वरिष्ठांच्या पोटात गोळा आला की हे लोक घरी बसून काम करतात की मालिका बघतात? मला बोलावणे आले. दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो काढणारे, कीबोर्डचे ठोके मोजणारे सॉफ्टवेअर हवे. मी तीन कंपन्यांकडून दर मागवले, दोघांशी घासाघीस केली, आणि याच मनखूलच्या घरात जेवणाच्या टेबलावर बसून दोन दिवसांत साठ लॅपटॉपवर ते चढवले. एकाही माणसाचे काम अडले नाही. मला शाबासकी मिळाली. खरे सांगतो, मला अभिमानही वाटला. कर्मचाऱ्यांना एक ईमेल गेला, त्यात लिहिले होते की ‘सुरक्षेसाठी’ नवे सॉफ्टवेअर बसवले आहे. ते वाक्य माझेच होते.

हिशेब खात्यात कराडची एक मुलगी होती. हुशार, वक्तशीर. नवऱ्याची नोकरी मार्चमध्येच गेली होती, घरभाडे तिच्या पगारावर चालले होते. एका दुपारी तिच्या पडद्यावर कामाच्या तक्त्याशेजारी व्हॉट्सअॅप उघडे होते. ती बहिणीला कळवत होती की तपासणी झाली, दिवस राहिले आहेत, अजून कोणाला सांगू नकोस. दहा मिनिटांचा काटा नेमका तेव्हा पडला. फोटो निघाला आणि सर्व्हरवर जाऊन बसला.

जूनमध्ये कपातीची यादी आली. तिचे नाव यादीत होते. कारण कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. त्या काळात कारण लागतच नव्हते. पण कुठली फाइल कोणी, किती वाजता उघडली, याची नोंद माझ्याकडे असते, कारण ती नोंद ठेवणे हेही माझेच काम. तो एक फोटो यादी निघण्याच्या आठवड्यात तीन वेळा उघडला गेला होता. मी ते पाहिले आणि नोंदीची खिडकी बंद केली. हे सिद्ध करता येईल का? नाही. तिची कपात दुसऱ्या कारणाने झाली असेल का? असेल. पण मी तेव्हा काहीच बोललो नाही, कारण माझाही व्हिसा त्याच कंपनीचा होता.

इथे नोकरी गेली म्हणजे नुसता पगार जात नाही. व्हिसा जातो, घर जाते, मुलांची शाळा जाते. ती दोघे ‘वंदे भारत’च्या विमानाने परत गेली. म्हणून माझ्या मित्राचा प्रश्न मला झोंबला. त्या मुलीकडे लपवण्यासारखे काय होते? काहीच नाही. तिच्या घरातली सर्वांत आनंदाची बातमी होती ती. ती कोणाला, कधी सांगायची हे तिला ठरवायचे होते, एवढेच. गोपनीयता म्हणजे एवढेच असते.

तुम्ही म्हणाल, लॅपटॉप कंपनीचा होता. बरोबर. कंपनीने आपल्या वस्तूवर लक्ष ठेवू नये असे मी म्हणत नाही. पण घर तिचे होते. आणि पडद्याचा फोटो निघतो हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. सांगितले असते तर तिने तो संदेश फोनवरून लिहिला असता, एवढी साधी गोष्ट. पाळत ठेवणारे नेहमी म्हणतात की प्रामाणिक माणसाला भिण्याचे कारण नाही. मग प्रामाणिकपणे सांगून पाळत का ठेवत नाहीत?

"लपवण्यासारखे काही नाही" हे वाक्य बोलायलाही एक जागा लागते. बडोद्याचे उदाहरण घ्या. कोलंबियातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला तिथे गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहाच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. त्या माणसाने कोणता गुन्हा केला होता? नोंदवहीतला एक रकाना खरा भरला असता तर त्याला रात्री छप्पर नव्हते, इतकेच. आजही पुण्या-मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्या कित्येकांना आडनाव सांगताना अडखळावे लागते. त्या वहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. त्याला अकरा दिवस लागत नाहीत. आडनाव, पिनकोड, शाळेचे नाव, कुणाकुणाशी बोलणे होते, एवढ्यावरून जात न विचारताही ओळखता येते. ज्यांच्या आडनावाला कधी कोणी भुवई उंचावली नाही, त्यांना गोपनीयता ही चैन वाटते.

आपल्या सरकारने सर्वोच्च न्यायालयात जवळजवळ तसेच म्हटले होते. गरिबाला अन्न हवे, गोपनीयता हे मूठभरांचे कौतुक आहे, असा युक्तिवाद झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो फेटाळला आणि गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले. त्यातला एक धागा मराठी घरातला आहे. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाच्या स्वातंत्र्याचा हक्क स्थगित होऊ शकतो असा निकाल देणाऱ्यांत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. ४१ वर्षांनी त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी याच निकालपत्रात वडिलांचा तो निकाल चूक ठरवला. आपल्या घरात वडिलांचा शब्द खोडणे किती जड जाते हे मराठी माणसाला सांगायला नको.

आणि ज्यांनी खरोखरच काही केले नव्हते त्यांचे काय झाले? ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर शिवछत्रपतींची बदनामी केल्याचा आरोप. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ज्या जोडणीचा पत्ता पोलिसांना दिला तो चुकीचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! पन्नास दिवस तो येरवड्यात होता. त्याच्याकडे लपवण्यासारखे काही नव्हते, आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने तो आवडल्याची खूण केली होती. ज्या ६६-अ कलमाचा त्या प्रकरणात वापर झाला ते कलम २०१५ साली रद्द झाले. २०१९ साली व्हॉट्सअॅपने जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांना कळवले की पेगासस या इस्रायली सॉफ्टवेअरने त्यांच्या फोनवर हल्ला झाला. त्यात नागपूरच्या वकिलांपर्यंतची नावे निघाली. वकिलाच्या फोनमध्ये वकिलाची गुपिते नसतात, अशिलांची असतात.

आता कायदे. अमिरातीने २०२१ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तो २ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. भारताने २०२३ साली केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दोन्ही देशांची राज्यपद्धती निराळी, इतिहास निराळा. पण दोन्ही कायद्यांना एकच मोठे भगदाड आहे. कंपन्यांना नियम, सरकारला सूट. इथे सरकारी माहिती आणि ती बाळगणारी सरकारी खाती कायद्याच्या बाहेर आहेत. भारतात केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कोणत्याही यंत्रणेला वगळू शकते.

भारतीय कायद्यात आणखी एक गंमत आहे, आणि ती महाराष्ट्राला विशेष लागणारी आहे. राळेगणसिद्धीपासून निघालेल्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा देशाच्या आधी, २००२ सालीच, झाला होता. आता या नव्या कायद्याने केंद्राच्या माहिती अधिकार कायद्यातच दुरुस्ती केली. वैयक्तिक माहिती असली तरी ती जनहिताची असेल तर द्यावी, ही त्या कलमातली तरतूद गेली. आता अधिकारी ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढे म्हणून अर्ज परत करू शकतो. कायद्यात इतरत्र जनहिताचे कलम आहे, पण तिथे आधी पोहोचावे लागते. म्हणजे सरकारला नागरिक दिसावा आणि नागरिकाला सरकार दिसू नये. गोपनीयतेचा अर्थ याच्या नेमका उलट आहे. दुबळ्याला झाकायला पडदा आणि सत्तेवर दिवा, असे असायला हवे.

आधारचेही तेच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान समोर असताना, देशातला पहिला आधार क्रमांक एका बाईला मिळाला. अनुदान थेट हातात पडावे हा हेतू चांगलाच होता आणि अनेकांना त्याचा फायदा झालाही. पण ज्या राज्यात सातबाऱ्यावरची एक चुकलेली मात्रा दुरुस्त करायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, तिथे न उमटणाऱ्या अंगठ्याची दाद कोणाकडे मागायची, हे आधी ठरवायला हवे होते. विटा उचलून झिजलेला अंगठा यंत्राला वाचता येत नाही, आणि यंत्र खोटे बोलत नाही अशी आपली पक्की समजूत.

हे सारे मी आपल्याला का लिहितो आहे? कारण ही यंत्रे बनवणारे आणि बसवणारे आपणच आहोत. हिंजवडीत, दुबई इंटरनेट सिटीत, बे एरियात. २००९ सालचे ते सॉफ्टवेअर कोणीतरी लिहिले, कोणीतरी तपासले, कोणीतरी त्याच्या संदेशात ‘सेवा सुधारणा’ असे शब्द बसवले. ती माणसे राक्षस नव्हती. माझ्यासारखीच असणार, मुदतीत काम पुरे करून मुलांना शाळेतून आणायला जाणारी. "मी फक्त तांत्रिक बाजू पाहिली" हे वाक्य आपल्या व्यवसायात फार चालते. मीही ते वापरले आहे. डॉक्टरने किंवा वास्तुरचनाकाराने हे म्हटले तर आपण ऐकून घेऊ का?

नोकरीवर लाथ मारा असे मी सांगणार नाही. मी स्वतः मारली नाही, आणि व्हिसावर राहणाऱ्याला फुकटचा सल्ला देणे सोपे असते. पण लाथ मारणे आणि मान डोलावणे यांच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याला साध्या भाषेत सांगितले आहे का, हे विचारा. जमवलेली माहिती किती दिवसांनी पुसणार, ती तारीख आजच लिहून घ्या. ती कोणाला पाहता येईल, त्या नावांची यादी मागा आणि यादी लहान करा. ही तीन वाक्ये ईमेलने पाठवली तर सहसा नोकरी जात नाही. माझा अनुभव असा की वरिष्ठांनी या प्रश्नांचा विचारच केलेला नसतो, आणि लेखी विचारल्यावर निम्मी माहिती गोळा करण्याचा उत्साह आपोआप ओसरतो. पुढच्या कंपनीत मी हे केले. पडद्याच्या फोटोंची मागणी तिथेही आली होती. मी या तीन ओळी लिहिल्या आणि पुढे कोणी विषय काढला नाही. २०२० साली त्या लिहायला मला पाच मिनिटे लागली असती.

दोन वर्षांपूर्वी कराडहून फोन आला. तिची मुलगी आता बालवाडीत जाते, तिने स्वतः घरून हिशेबाची कामे घेतली आहेत, बरे चालले आहे. तिला कळले होते. कसे ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. रागावली नव्हती. नुसते म्हणाली, "सर, एकच विचारायचं होतं. ते फोटो अजून कुठे असतील का हो?"

मला खोटे बोलता आले असते. मी कंपनी सोडली तेव्हा पुसण्याची तारीख ठरलेली नव्हती, कारण ती मी कधी ठरवलीच नव्हती. सर्व्हरच्या प्रती होत्या, प्रतींच्या प्रती होत्या, आणि ज्या कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतले तिच्याकडे काय होते ते मला माहीत नव्हते. मी तिला म्हटले, "असतील. मला सांगता येत नाही." ती थोडा वेळ गप्प राहिली, मग बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या मित्राला मी अजून उत्तर दिलेले नाही. हे पत्र त्यालाही जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संपादक
बर दुबई